बर्फाची घट कुणाच्या माथी

बर्फाची लादी कारखान्याच्या दारातून बाहेर पडली की वितळायला लागते. एवढं ज्याला पचलं त्यालाच आमचा धंदा कळतो. बाकीचे दुकानदार माल विकला की निवांत होतात. आमचा माल गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत, आणि पडल्यावरसुद्धा, कमीच होत राहतो. ह्या कमी होण्याला आम्ही 'घट' म्हणतो. कारखान्यापासून होडीपर्यंत जेवढं पाणी होऊन गळणार, तेवढ्याच्या बदल्यात काही लाद्या वर द्यायच्या, ही रीत. ती घट किती धरायची ह्यावरून मी आयुष्यभर जेवढा भांडलो तेवढा सख्ख्या भावांशी वाटणीसाठीही भांडलो नाही. अर्थात वाटणीला आमच्याकडे काही नव्हतंच.

पनवेलच्या बाजारात सायकलच्या कॅरिअरवर गोणपाटात गुंडाळलेला बर्फ घेऊन मी रसवंत्या आणि सोड्याच्या गाड्या फिरलो आहे. पँटची मागची बाजू तेव्हा कायम ओली असायची. पुढे खाडीकडेचा एक बंद पडलेला कारखाना घेतला, चालवला, वाढवला. कुणी हात धरून वर आणलं नाही, त्यामुळे कुणाचं ऐकून घ्यायची सवयही लागली नाही. माझा आवाज मोठा आहे आणि डोकं लवकर तापतं. बर्फवाल्याचं डोकं असं कसं, हा विनोद मी इतक्यांदा ऐकला आहे की तो करणाऱ्याला मी लादी महाग लावतो.

बर्फ कसा होतो ते थोडक्यात सांगतो. जमिनीत एक मोठी टाकी असते, तिच्यात मिठाचं पाणी. ते शून्याच्या खाली गेलं तरी गोठत नाही, म्हणून तेच वापरायचं. त्या पाण्यात अमोनियाच्या नळ्या फिरवलेल्या असतात आणि गोड्या पाण्याने भरलेले लोखंडी डबे सोडलेले असतात. अमोनिया पाण्यातली गरमी उचलतो, छपरावरच्या नळ्यांत नेऊन सोडतो, पुन्हा रिकामा होऊन खाली येतो. लोकांना वाटतं आम्ही थंडी तयार करतो. थंडी कुणालाच तयार करता येत नाही. आम्ही गरमीचे हमाल. इथली उचलायची, तिथे टाकायची. हे वाक्य मी येणाऱ्या-जाणाऱ्याला मोठ्या तोऱ्यात ऐकवायचो. पुढे ते माझ्याच अंगावर आलं.

माझं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात खमकं गिऱ्हाईक म्हणजे उरणच्या बाजूच्या एका कोळीवाड्यातली हिराबाई. होडी तिच्या मालकीची, आणि तिचा मुलगा म्हादू त्या होडीवर तांडेल. म्हणजे होडी कुठे न्यायची, जाळं कधी टाकायचं, मागे कधी फिरायचं, हे तो ठरवणार. पण बर्फ कुणाचा घ्यायचा हे हिराबाई ठरवणार, आणि ती घेईल तो बर्फ अख्खा वाडा घेणार. लादी घेताना ती बर्फ फोडायच्या टोच्याची मूठ लादीवर हापटायची आणि कान लावायची. आवाज टणक आला तर पुढचं बोलणं. मग घटीवरून घासाघीस. ती एक लादी जास्त मागायची, मी एक कमी सांगायचो, ती माझ्या खानदानाची चौकशी करायची, मी तिच्या तराजूची. शेवटी दोघंही मनात ठरवलेल्या आकड्यावर यायचो. अशी वर्षानुवर्षं गेली. खरं सांगायचं तर त्या भांडणाशिवाय मला मासेमारीचा हंगाम सुरू झाल्यासारखा वाटायचा नाही.

काही वर्षांपूर्वी, हंगाम सुरू होऊन थोडे दिवस झाले असतील, हिराबाई टेम्पोतून उतरली ती डोक्यावर पाटी घेऊन. मागे वाड्यातल्या सात-आठ बायका. पाटी तिने माझ्या टेबलावर, चहाच्या कपाशेजारी ठेवली. आत पापलेट होतं. कल्ल्यांचा लाल रंग गेलेला, पोट मऊ पडलेलं.

"घे शेट, वास घे."

"माझा सोमवार आहे."

"आज बुदवार हाय."

मी वास घेतला. माल गेलेला होता. म्हादूची होडी परत येण्याआधीच तिच्या पोटातल्या, मासे ठेवायच्या खणातला बर्फ संपला होता, आणि चांगलं म्हावरं अर्ध्या वाटेवर नासलं होतं.

"तुजा बरफ टिकत नाय," हिराबाई म्हणाली. "पयले हाच बरफ पुरून उरायचा. आता लादी वरनं टनक आनि आतनं पोकल. लबाडी करतंस."

मला काहीही म्हणा. चिकट म्हणा, भांडकुदळ म्हणा, मी स्वतःच तसं सांगतो. पण माझ्या लादीला पोकळ म्हणायचं नाही. मी हातातला टोचा जमिनीवर आपटला आणि तिला दार दाखवलं. बोलू नये ते बोललो, ती माझ्यापेक्षा जास्त बोलली. दुसऱ्या दिवशी वाड्याने माझा बर्फ बंद केला. आणि जेट्टीच्या भिंतीवर, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक होडीला दिसेल अशा जागी, लाल ऑइलपेंटने लिहिलं: 'दामूशेटचा बर्फ घेऊ नये'.

गिऱ्हाईक गेलं तर दुसरं आणता येतं, तो माझा पेशाच आहे. पण ती भिंत. मला ती झोपेत दिसायची. सायकलवर बर्फ विकणाऱ्या पोराने कमावलेलं एकच खरं भांडवल होतं, आणि ते म्हणजे ते नाव. ते त्यांनी खारट वाऱ्यात टांगलं होतं.

मी शोध सुरू केला. पहिला संशय टेम्पोवाल्यावर. न्हावा शेव्याला जाणाऱ्या कंटेनरच्या ट्रेलरांची रांग लागली की द्रोणागिरीच्या अलीकडे गाडी हलत नाही, आणि उन्हात उभ्या टेम्पोतला बर्फ काय करणार. मी स्वतः टेम्पोत बसून गेलो. रांग होती, ताडपत्रीखाली भुसाही नीट होता, लाद्या जेट्टीवर पोचल्या त्या चांगल्या होत्या. दुसरा संशय मशीनवर. डबे गोठायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो हे मला दिसत होतं. मेकॅनिकला बोलावलं. तो म्हणाला, "शेट, मशीन ठणठणीत आहे. तुमच्याकडे येणारं पाणीच गरम येतंय, आणि छपरावर वाराही गरम. मशीनला जास्त राबावं लागतंय." मी त्याला सांगितलं, मला शिकवू नकोस. दुसरा मेकॅनिक आणला. तोही तेच म्हणाला, वर चहाही पिऊन गेला.

मग मी सरळ जेट्टीवर गेलो. वाडा बघत होता. त्या भिंतीखालीच उभा राहून मी हिराबाईला सौदा सांगितला. म्हादूच्या होडीत दोन खण आहेत. एकात माझा बर्फ, दुसऱ्यात तू आता ज्याच्याकडून घेतेस त्या कारखान्याचा. सारखाच भरायचा. माझा आधी संपला तर कारखान्याला कुलूप लावून चावी तुझ्या हातात. दोन्ही सारखे उतरले तर ही भिंत पुसायची.

"आनि खणांवर नजर कोन ठेवनार? तुजा मानूस ठेवशील लबाड."

"मी जाणार."

वाडा हसला. सगळा जन्म खाडीकाठी गेला तरी मी कधी होडीने समुद्रात गेलो नव्हतो, हे सगळ्यांना माहीत होतं. हिराबाईने मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "जा बाबा," ती म्हणाली. "म्हादू, शेटला मदी बसव. कडंला बसला तर म्हावऱ्याला खायला जाईल."

समुद्रावरच्या त्या दिवसांचं वर्णन मी करणार नाही, कारण त्यातला बराचसा वेळ माझं तोंड बालदीत होतं. पण डोळे खणांवर होते. दोन्ही झाकणं मी माझ्या हाताने उघडत होतो, माझ्या हाताने बंद करत होतो. बर्फ दोन्हीकडे सारखा उतरत होता. आणि भराभर उतरत होता. मी बर्फ विकतो, संपताना कधी पाहिला नव्हता.

म्हादू कमी बोलणारा माणूस. जाळं वर घेतल्यावर त्याने एक सुरमई उचलून माझ्या हातात दिली. "हात लावून बगा, शेट." मासा कोमट होता. "पान्यात जेवढी गरमी तेवढी म्हावऱ्यात. ह्याला थंड करायलाच तुमचा निम्मा बरफ जातो. मंग ठेवायला काय उरंल?"

"पाणी आधी असं नव्हतं?"

"नाय. आनि आमी आधी इतक्या लांब बी येत नव्हतो. म्हावरं खाली गेलं, बाहेर गेलं. आमी त्याच्या मागं. लांब जायचं म्हंजे जास्त दिवस, जास्त दिवस म्हंजे जास्त बरफ." त्याने सुरमई माझ्या हातातून घेऊन खणात टाकली. "पहाटेचा गारवा यायचा पयले. खणाला तेवढाच इसावा. आता तो बी येत नाय."

दोन्ही खण एकदमच रिकामे झाले. ठरलेल्या दिवसाआधीच होडी वळवावी लागली.

जेट्टीवर उतरलो तेव्हा पोट रिकामं होतं, पण आवाज जाग्यावर होता. "म्हादू, सांग सगळ्यांना." म्हादूने सांगितलं. दोन्ही बर्फ सारखे. मी भिंतीकडे बोट केलं.

हिराबाई काही हलली नाही. "म्हंजे दोगांचा बी बरफ खोटा," ती म्हणाली.

"अगं, मासाच गरम आहे. समुद्र गरम आहे."

"आनि समुद्र कुनी गरम केला? तुज्या छपरावरनं वाफ निगते ती मी डोल्यांनी बगते. तूच सांगतंस ना सगल्यांना, आमी गरमीचे हमाल? थंडी आमाला इकतंस, गरमी आमच्याच खाडीत टाकतंस. वर तो तुजा गॅस. जरा गलला की अख्खा वाडा खोकतो."

वाडा तिच्या बाजूने गेला. बर्फाच्या आरोपातून सुटलो आणि समुद्र तापवण्याच्या आरोपात अडकलो. आणि खरी चीड ही, की आरोपातलं निम्मं खरं होतं. गरमी मी छपरावर टाकत होतोच.

वाड्यातली दोन मुलं पनवेलच्या कॉलेजात शिकत होती. त्यांच्या भौतिकशास्त्राच्या साळवी मॅडमना विचारावं असं ठरलं. मी अट घातली, आरोप माझ्या छपरावर आहे तर निवाडा त्याच छपराखाली होईल. मॅडम स्कूटरवरून आल्या. मी त्यांना माल द्यायला आलेल्या माणसाला तपासतो तसं तपासायचं ठरवलं होतं. त्यांनी आधी कारखाना पाहिला. मग लाद्यांच्या कोठीत गेल्या, लादीवरचा लाकडाचा भुसा मूठभर उचलला आणि मलाच विचारलं, "हा थंड आहे का?"

"नाही. भुसा कसा थंड असेल?"

"मग बर्फ का टिकतो?"

"बाहेरची गरमी आत जाऊ देत नाही."

"आता असं धरा, आत बर्फ नाही, निखारे आहेत. वर हाच भुसा."

"आतली धग आतच राहील. म्हणजे, भुसा पेटला नाही तर."

"पेटणार नाही असा धरा. भुशाने गरमी तयार केली का? नाही. जायची तेवढी जाऊ दिली नाही. हवेत असाच एक वायू आहे. कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळलं की निघतो, धुरासारखा दिसत नाही. ह्या वायूचा थर पृथ्वीवर दरवर्षी जाड होतोय."

मी पकडलं. "थांबा. माझा भुसा दोन्ही बाजूंनी अडवतो. तुमचा भुसा उन्हाला आत कसा सोडतो?"

"चांगलं धरलंत," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की त्यांना सौदा आवडायला लागला आहे. "हा निवडक आहे. ऊन आत सोडतो. पण उन्हाने तापलेली जमीन, समुद्र जी धग परत वर फेकतात, ती डोळ्यांना न दिसणारी असते. तिला अडवतो. तुमच्या छपरावरची गरमी तशी थोडी. ती हवेत मिसळते आणि बरीचशी आकाशात निघून जाते. जायच्या वाटेवर भुसा वाढतोय, हा खरा प्रश्न आहे."

"सूर्यच जास्त तापला नसेल कशावरून?"

"मग खालची हवा तापली असती तशी खूप उंचावरचीही तापली असती. उलट झालंय. खाली गरम होतंय आणि वर, भुशाच्या पलीकडे, हवा थंड होतेय. धग खाली अडकली की असंच होणार. आणि सूर्य तापला असता तर दिवस जास्त तापले असते. इथे रात्रीच निवायच्या थांबल्या आहेत."

म्हादूने माझ्याकडे पाहिलं. पहाटेचा गारवा आम्हा दोघांनाही आठवला.

"आणि हा वायू कोळशाचाच, हे कशावरून? समुद्रातून, ज्वालामुखीतून येत असेल."

"तुम्ही लादी बघून पाणी कुठलं ते ओळखता का?"

हा प्रश्न मला विचारू नये. "नदीचं, बोअरचं, टँकरचं, लादीच्या पोटातला रंग बघून सांगतो."

"तसंच कार्बनचं. जमिनीत कोट्यवधी वर्षं पुरलेल्या कार्बनची खूण वेगळी असते. हवेत वाढलेल्या वायूत ती खूण सापडते."

मी मान डोलावली. चांगला माल चांगला म्हणावा लागतो.

हिराबाई मात्र मुद्द्यावर होती. "मंग ह्याच्या गॅसचा काय दोष नाय?"

"अमोनियाचा ह्यात दोष नाही," मॅडम म्हणाल्या. मी छाती पुढे काढली. "पण मशीन विजेवर चालतं ना? आपल्याकडची बहुतेक वीज कोळशाची." मी छाती आत घेतली. "होडीत डिझेल आहे. रस्त्यावरचे ट्रेलर आहेत. माझी स्कूटर आहे. सिमेंटचे कारखाने, तोडलेली जंगलं आहेत."

"सगळ्यांना एका पाटीत टाकू नका," मी म्हणालो. माझं डोकं तापलं होतं, पण ह्यावेळी मला ते योग्य कारणासाठी तापलेलं वाटलं. "वाटा सांगा. धंद्यात ज्याचा जेवढा वाटा तेवढी त्याची घट."

"सगळ्यात मोठा वाटा श्रीमंत देशांचा. त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जाळलं, आणि हा वायू लवकर जात नाही, त्यांच्या आजोबांनी सोडलेलाही अजून वर आहे. आता मोठे देश, मोठे उद्योग भर घालतायत, आपणही त्यात आहोत. तुमचा वाटा चिमूटभर. हिराबाईंचा त्याहून कमी."

"आनि आदी भोगनार कोन?" हिराबाईने विचारलं.

"आधी तुम्हीच," मॅडम म्हणाल्या. हिराबाईने मान हलवली, आठवड्याचा बाजार संपल्यावर हलवावी तशी.

त्यानंतर आम्ही दोघांनी कोठीतल्या ओल्या भुशावर उभं राहून आयुष्यातला सगळ्यात अवघड सौदा केला. जुन्या हिशेबाची घट कारखान्यापासून होडीपर्यंतची होती. समुद्रात वितळलेल्या बर्फाची घट कुणी कधी मागितली नव्हती आणि मी ती देणं लागत नव्हतो. पण म्हावरं तर नासत होतं. ती म्हणाली सगळी घट तुझी. मी म्हणालो, एक तुकडाही नाही. दुपार झाली. शेवटी ठरलं: जास्तीचा बर्फ लागेल त्यातला अर्धा मी सोसायचा, अर्धा तिने. खणांना जाड थर्माकोलचं अस्तर मी लावून द्यायचं, मजुरी तिची. पुढे माझ्या मुलाने छपरावर सौर पट्ट्या बसवल्या. आता मशीन भर उन्हात सगळ्यात जास्त पळवतो. जे ऊन तापवतं त्याच्याकडूनच गोठवून घ्यायचं, हे मला पटलं. पट्ट्यावाल्याशी भाव मी केला. तो अजून माझं नाव घेतो, कसं ते विचारू नका.

राहिली भिंत. वाडा परत बर्फ घ्यायला लागला, हिराबाई परत टोच्याची मूठ हापटायला लागली, पण 'दामूशेटचा बर्फ चांगला होता' हे शब्द तिच्या तोंडून आजपर्यंत आलेले नाहीत. ह्याचा मला राग आहे, आणि तो जाणार नाही. भिंतीवरची अक्षरंही पुसली जाईनात. प्रत्येक हंगामात मी विचारायचो, ती म्हणायची, रंग नाय, मानूस नाय.

गेल्या वर्षी मी स्वतःच चुन्याची बादली आणि ब्रश घेऊन गेलो. हिराबाई आता थकली आहे, जेट्टीवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेली असते. मी बाह्या वर करून पुसायला लागलो. ती बघत राहिली.

"पूस, पूस. बरफ तुजा पोकल नव्हता, ते म्हादू बोलला," ती म्हणाली. तेवढंच, म्हादूच्या नावाने का होईना. मग ती पुढे म्हणाली, "पन शेट, भित रिकामी नको ठेवू. म्हावरं तर नासलं ना? कुनीतरी नासवलं. त्याचं नाव लिव."

मी ब्रश घेऊन उभा राहिलो. ज्याला भावात कुणी गप्प केलं नाही तो मी, नाव शोधत होतो. एक नाव भिंतीला पुरणार नव्हतं. आणि जी नावं डोक्यात आली ती माणसं कधी खाडीवर येऊन भिंत वाचणार नव्हती.

"जागा ठेवतो," मी म्हणालो. "तो समोर आला की लिहू."

"येल का तो?"

"नाही आला तर आपण जाऊ. घट मी ऐकून घेत नाही, तुला माहीत आहे."

"तू बोल तितं," ती म्हणाली. "मी वास द्यायला पाटी घेऊन येतंय."

भिंत आता कोरी आहे. पावसात चुना उतरला की मुलाला सांगून परत लावून घेतो. त्या जागेवर पोरं क्रिकेटचे स्टंप काढतात, मी पुसायला लावतो. ती जागा धरून ठेवलेली आहे. ज्याची आहे तो बोलायला बसेल तेव्हा मला बोलवा. माझा आवाज अजून मोठा आहे.